घर बघायच्या आधीच करारावर सही? बायर एजंटचं कमिशन आता नक्की कोण देतं? (न्यू जर्सी)

नवखा_बायर

एडिसन-पिस्कॅटवे भागात पहिलं घर शोधतोय. बजेट साधारण ६ लाख डॉलर, डाउन पेमेंट १० टक्के. एका वेबसाइटवरून घर बघायची वेळ मागितली, तर एजंटनं आधी चार पानी करार सहीसाठी पाठवला. ठळक मुद्दे असे:

– एक्सक्लुझिव्ह, मुदत ६ महिने, भाग: पूर्ण राज्य
– कमिशन ३ टक्के
– मुदत संपल्यावर १८० दिवसांचा प्रोटेक्शन पीरियड
– वर ४९५ डॉलर ट्रान्झॅक्शन फी

विचारलं तर म्हणतो, "पैसे सेलरच देतो हो, ही नुसती फॉर्मॅलिटी." जुने लोकही सांगतात की बायरला एजंट फुकट असतो. मग करारात आकडा कशाला? सही न करता घर बघताच येत नाही का? आणि ३ टक्के हा ठरलेला दर आहे का?

---

हिशेबनीस

फॉर्मॅलिटी अजिबात नाही. ६ लाखांवर ३ टक्के म्हणजे १८,००० डॉलर. सेलरनं दिले तर तुम्ही सुटलात. नाही दिले, किंवा कमी दिले, तर उरलेली रक्कम तुमच्याकडून मागायचा हक्क त्या ब्रोकरेजला, म्हणजे एजंटच्या कंपनीला, तुमच्या सहीनं मिळतो.

"बायरला फुकट" ही समजूत जुन्या पद्धतीतून आली. सेलर आपल्या लिस्टिंग एजंटशी, म्हणजे घर विकून देणाऱ्याशी, ५-६ टक्के ठरवायचा आणि त्यातला वाटा बायरच्या एजंटला देऊ केला जायचा. तो आकडा एमएलएसवर, म्हणजे एजंटांच्या सामायिक लिस्टिंग यादीत, टाकलेला असायचा. पैसे सेलरच्या हिशेबातून कापले जायचे खरे, पण सेलर तरी ते देणार कशातून? घराच्या किमतीतून. म्हणजे तुमच्या लोनमधूनच. फुकट कधीच नव्हतं, फक्त दिसत नव्हतं.

मिझुरीतल्या सेलरांनी यावर दावा लावला. कॅन्सस सिटीच्या फेडरल कोर्टात ३१ ऑक्टोबर २०२३ ला ज्युरीनं नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स (पुढे एनएआर) आणि मोठ्या ब्रोकरेज कंपन्यांविरुद्ध सुमारे १७८ कोटी डॉलरचा निकाल दिला. मार्च २०२४ मध्ये एनएआरनं ४१.८ कोटी डॉलर आणि नियमबदल अशी तडजोड केली. नवे नियम १७ ऑगस्ट २०२४ पासून चालू आहेत. तुमच्या कामाचे बदल दोनच:

एक, बायरच्या एजंटला किती देणार हे आता एमएलएसवर लिहिता येत नाही. फोनवर, ईमेलनं किंवा ब्रोकरेजच्या स्वतःच्या वेबसाइटवर सांगता येतं. म्हणजे देणं बंद झालेलं नाही, जाहीर करायची जागा तेवढी बदलली.

दोन, एमएलएस वापरणाऱ्या एजंटनं घर दाखवण्याआधी बायरशी लेखी करार करायलाच हवा. व्हिडिओ कॉलवर घर फिरवून दाखवलं तरी तोच नियम. न्यू जर्सीत तर ऑगस्ट २०२४ पासून राज्याचा कायदाही लेखी करार मागतो. म्हणजे करार मागितला यात एजंटचं काही चुकलं नाही. पण नियम "करार करा" एवढंच म्हणतो. ३ टक्के, ६ महिने, पूर्ण राज्य यातलं काहीच नियमात नाही. ते सगळं त्या ब्रोकरेजनं आपल्या सोयीनं भरलंय.

करारात चार गोष्टी असाव्याच लागतात. आकडा ठळक आणि स्पष्ट हवा. तो नेमका हवा: टक्के, ठोक रक्कम, तासाचा दर, काहीही चालेल, पण "सेलर जे देईल ते" किंवा "२ ते ३ टक्के" असं मोघम चालत नाही. ठरल्यापेक्षा जास्त पैसे एजंटला कुणाकडूनही घेता येणार नाहीत असं कलम हवं. आणि कमिशन कायद्यानं ठरलेलं नाही, पूर्णपणे वाटाघाटीचं आहे, हे वाक्य ठळक छापलेलं हवं. तुमच्या चार पानांतही ते कुठेतरी असणार. शोधा आणि त्याच वाक्यावर बोट ठेवून बोलणी सुरू करा.

ओपन हाउसला (ठरल्या वेळी सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं घर) स्वतः जाऊन घर बघायला करार लागत नाही. एजंटशी फोनवर बोलायला, दर विचारायला, मुलाखत घ्यायलाही नाही. तेव्हा दोन-तीन एजंटांशी बोलल्याशिवाय सही करायची घाई नको.

---

कलमवाचक

वरच्या उत्तराला जोडून, तुमच्या करारातली कलमं एकेक करून बघू. टक्क्यावर सगळेच घासाघीस करतात. खरी मेख बाकीच्या ओळींत असते.

एक्सक्लुझिव्ह + पूर्ण राज्य. ही जोडी सगळ्यात जड. याचा अर्थ, सहा महिन्यांत तुम्ही राज्यात कुठलंही घर कुठूनही घेतलंत, ओळखीतल्या माणसाकडून परस्पर घेतलंत तरी, या ब्रोकरेजला ३ टक्के लागू. तीन पर्याय मागता येतात. पहिला, नॉन-एक्सक्लुझिव्ह: या एजंटनं दाखवलेल्या घरांपुरतंच कमिशन. दुसरा, एक्सक्लुझिव्हच, पण भाग बांधलेला: "मिडलसेक्स काउंटी, सिंगल फॅमिली आणि टाउनहाउस". तिसरा, नुसता टूरिंग करार: अमुक पत्त्यावरचं घर, एक दिवस, कमिशन शून्य. शून्य आकडा नियमात बसतो. एजंट कसा आहे हे कळायच्या आधी हा तिसराच बरा. पसंत पडला तर मोठा करार मग करा.

मुदत. पहिल्या करारासाठी ३० ते ९० दिवस पुष्कळ. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून व्यक्तीशी केलेल्या अशा करारावर तीन महिन्यांची कमाल मर्यादाच घातली आहे, आपोआप वाढही चालत नाही. न्यू जर्सीत मर्यादा तुम्हालाच घालून घ्यावी लागेल.

प्रोटेक्शन पीरियड. करार संपल्यावर तुम्ही एजंटला वगळून त्यानंच दाखवलेलं घर घेऊ नये म्हणून हे कलम असतं आणि मुळात रास्त आहे. १८० दिवस मात्र नाहीत. ३०–६० दिवसांवर आणा आणि दोन अटी घाला: हे फक्त एजंटनं प्रत्यक्ष दाखवलेल्या आणि करार संपताना लेखी यादीत दिलेल्या घरांनाच लागू, आणि तुम्ही दुसऱ्या ब्रोकरशी एक्सक्लुझिव्ह करार केलात की रद्द. ही दुसरी अट राहिली तर काय होतं? पहिल्या एजंटनं दाखवलेलं घर चार महिन्यांनी दुसऱ्यातर्फे घेतलंत की दोघंही बिल पाठवतात, आणि कागदावर दोघंही बरोबर असतात.

४९५ डॉलर. ही ब्रोकरेजची फी, एजंटची नाही. पण खिसा तुमचाच. "३ टक्क्यांत सर्व फी समाविष्ट" असं लिहून घ्या नाहीतर ओळ खोडा. छापील ओळ खोडून शेजारी दोन्ही बाजूंची आद्याक्षरं, एवढंच काम असतं. "सिस्टीममध्ये बदलता येत नाही" हे उत्तर मिळालं तर जोडपत्रात लिहायला सांगा, जोडपत्र प्रत्येक सिस्टीममध्ये असतं.

रद्द करण्याचं कलम. "कोणीही ७ दिवसांच्या लेखी सूचनेनं, फी न देता." हे नसेल तर बाकी सगळं मनासारखं होऊनही तुम्ही अडकलेले राहता.

ड्युअल एजन्सीची संमती. बऱ्याच फॉर्ममध्ये हा चौकोन आधीच टिक केलेला असतो. त्याच ब्रोकरेजचं लिस्टिंग असलेलं घर घेतलंत तर एजंट दोन्हीकडचा होतो आणि किमतीत तुमची बाजू लढवू शकत नाही. चौकोन मोकळा ठेवा. तशी वेळ आली तर त्या घरापुरता विचार करता येईल.

आता ती ओळ, जिच्यावर सगळं अवलंबून आहे. इंग्रजी फॉर्ममधली ही ओळ मराठीत आणली तर अशी दिसते: "ब्रोकरची फी खरेदी किमतीच्या ___ टक्के. सेलर किंवा सेलरच्या ब्रोकरनं दिलेली रक्कम यातून वजा होईल. उरलेली रक्कम बायर क्लोजिंगला देईल." (क्लोजिंग म्हणजे पैसे देऊन घर नावावर होतं तो दिवस.) रिकाम्या जागेत २ लिहिलंत आणि सेलर २.५ देत असला, तर वरचा अर्धा टक्का एजंटला घेता येत नाही. तो सेलरकडे राहील किंवा क्रेडिट म्हणून तुम्ही मागाल. उलट ३ लिहिलंत आणि सेलर २ देतोय, तर १ टक्का, म्हणजे ६,००० डॉलर, तुमचे. म्हणून "आकडा मोठा लिहू, सेलरच देतोय" हा युक्तिवाद तुमच्या फायद्याचा कधीच नसतो. शेवटचं वाक्य बदलून "सेलरकडून मिळेल त्यापलीकडची फी ब्रोकर सोडून देईल" असं करून घेता आलं तर दुधात साखर. बरेच एजंट नाही म्हणतात. काही म्हणत नाहीत.

---

नवखा_बायर

डोळे उघडले. दोन्ही उत्तरं प्रिंट काढून ठेवतोय. एक शंका राहिली: समजा २.५ टक्क्यांवर तयार झाला आणि सेलर एक पैसा द्यायला तयार नाही. डाउन पेमेंट आणि क्लोजिंगनंतर हातात फार उरत नाही. ही रक्कम लोनमध्ये घालता येते का?

---

तारणगहाण

सरळ नाही. कमिशन हा घराच्या किमतीचा भाग नाही, त्यामुळे लोनमध्ये वेगळी रक्कम म्हणून बसत नाही. क्लोजिंगला रोख लागते. म्हणून हा नियमबदल सगळ्यात जास्त जाचतो तो कमी डाउन पेमेंटवाल्या पहिल्या बायरला, आणि गंमत म्हणजे दावा लावला होता सेलरांनी.

आडवळणानं मात्र घालता येते: किंमत थोडी जास्त, आणि सेलरनं तुमच्या ब्रोकरला द्यायचं. तुमचेच आकडे घेऊ.

ऑफर क: किंमत ६,००,०००. सेलर तुमच्या ब्रोकरला २.५ टक्के, म्हणजे १५,००० देतो. तुमचं डाउन ६०,०००, लोन ५,४०,०००. लिस्टिंग एजंटचं कमिशन सोडून सेलरच्या हातात ५,८५,०००.

ऑफर ख: किंमत ५,८५,०००. सेलर काही देत नाही. तुमचं डाउन ५८,५००, वर कमिशन १४,६२५, एकूण रोख ७३,१२५. लोन ५,२६,५००. सेलरच्या हातात तेच ५,८५,०००.

सेलरला काडीचा फरक नाही. तुम्हाला ख मध्ये १३,१२५ डॉलर रोख जास्त लागते. क मध्ये लोन १३,५०० नं जास्त, म्हणजे ३० वर्षं आणि ६.५ टक्के धरले तर महिना साधारण ८५ डॉलर. रोख असेल तर ख स्वस्त, नसेल तर क शिवाय इलाज नाही.

क ला दोन ठिकाणी ठेच लागू शकते. पहिली, अ‍ॅप्रेझल. बँकेनं करून घेतलेल्या या मूल्यांकनात घर कमिशनसाठी फुगवलेल्या किमतीला उतरलं नाही, समजा ५,८८,००० लाच उतरलं, तर बँक लोनचा हिशेब त्यावर करते आणि फरक तुमच्या गळ्यात. तेव्हा किंमत फुगवण्याआधी आजूबाजूच्या अलीकडच्या विक्री बघून घ्या.

दुसरी ठेच बहुतेकांना माहीत नसते: ऑफरमध्ये शब्द कसे लिहिलेत. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक (बँकांची गृहकर्जं विकत घेणाऱ्या दोन मोठ्या संस्था) यांच्या लोनमध्ये सेलरकडून बायरला मिळणाऱ्या सवलतींना कमाल मर्यादा असते. राहत्या घरासाठी डाउन १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ३ टक्के, १० ते २५ च्या आत ६ टक्के, २५ आणि वर ९ टक्के. भाड्यानं द्यायच्या घराला सरसकट २ टक्के. सेलरनं बायरच्या ब्रोकरला थेट दिलेली फी, स्थानिक रिवाजाप्रमाणे असेल तर, या मर्यादेत मोजत नाहीत. दोन्ही संस्थांनी २०२४ मध्ये हे स्पष्ट केलं, गृहकर्जाचा सरकारी विमा देणाऱ्या एफएचएनंही. पण तीच रक्कम "सेलर बायरला १५,००० क्रेडिट देईल" अशी लिहिलीत तर ती सवलत धरली जाते आणि मर्यादेत मोजतात.

तुमचं डाउन बरोबर १० टक्के, म्हणजे मर्यादा ६ टक्के, ३६,००० डॉलर. दोन्ही प्रकारे बसेल. पण ५ टक्के डाउनवाल्याला मर्यादा १८,०००. त्यानं १५,००० कमिशन क्रेडिट म्हणून लिहिलं की क्लोजिंग खर्चासाठी ३,००० च उरतात. शिवाय क्रेडिट प्रत्यक्ष क्लोजिंग खर्चापेक्षा जास्त घेता येत नाही आणि डाउन पेमेंटला वापरता येत नाही. म्हणून वाक्य असं हवं: "सेलर क्लोजिंगच्या वेळी बायरच्या ब्रोकरला खरेदी किमतीच्या २.५ टक्के देईल." ऑफर पाठवण्याआधी हे वाक्य लोन ऑफिसरला ईमेलनं दाखवा आणि लेखी होकार घ्या. तोंडी "चालेल" हे अंडररायटरला, म्हणजे लोन मंजूर करणाऱ्याला, बांधील नसतं.

व्हीए लोनवाले (सैनिक आणि माजी सैनिक) कोणी वाचत असतील तर: त्या लोनमध्ये बायरनं ब्रोकरला पैसे द्यायलाच बंदी होती, ती १० ऑगस्ट २०२४ पासून तात्पुरती उठवली.

---

शेजारचा_सेलर

धागा थोडा वळवतो, माफ करा. आम्हाला टाउनहाउस विकायचंय, अपेक्षा ७ लाखांच्या आसपास. लिस्टिंग एजंट म्हणतोय, "५ टक्के द्या, त्यातले अर्धे मी बायरच्या एजंटला देईन, नाहीतर कोणी घर दाखवायला आणणार नाही." आता हे करावं लागतं का?

---

हिशेबनीस

करावं लागत नाही. करूच नये असंही नाही. पण त्या वाक्यात दोन वेगळे व्यवहार एका आकड्यात कोंबलेत, ते आधी सुटे करा. लिस्टिंग करारात तुमच्या एजंटची फी एका ओळीत आणि बायरच्या ब्रोकरला द्यायची रक्कम दुसऱ्या ओळीत. दुसऱ्या ओळीसाठी तुमची वेगळी लेखी संमती आणि नेमका आकडा लागतो, हे नव्या नियमातच आहे.

आणि मग एक प्रश्न हमखास विचारा: बायरला एजंटच नसेल तर? एकत्र ५ टक्क्यांच्या करारात पूर्ण ५, म्हणजे ३५,००० डॉलर, तुमच्या एजंटकडेच राहू शकतात. लिहून घ्या: "बायरचा ब्रोकर नसल्यास एकूण फी २.५ टक्के." एजंट म्हणेल, बिनएजंटच्या बायरचं जास्तीचं काम माझ्यावर पडतं. खोटं नाही ते. अर्धा टक्का वाढवून द्या फार तर, अडीच नको.

"कोणी आणणार नाही" ही भीती कितपत खरी? बायरच्या एजंटला एमएलएसवर आकडा दिसत नाही. तो फोन करून विचारेल. कमी कमिशन म्हणून घर टाळणं त्याच्या बायरशी असलेल्या कर्तव्यात बसत नाही, पण होत नाही असं म्हणणं भाबडेपणा ठरेल. त्यापेक्षा खरं कारण रोख रकमेचं: वर तारणगहाण यांनी दाखवलं तसं, ज्याच्याकडे वरचे १५,००० नाहीत तो बायर तुमचं घर यादीतूनच काढेल. तुमच्या भावात पहिल्यांदा घर घेणारे जास्त असतील तर देण्याची तयारी ठेवलेली बरी. हातात खेळती रोख असलेले बायर जास्त येत असतील तर गरज कमी.

मधला मार्ग म्हणजे आधी काहीच जाहीर करायचं नाही. "ऑफरमध्ये मागणी लिहा, विचार करू," एवढंच एजंटनं फोनवर सांगायचं. मग ऑफर आल्या की वरची किंमत बघायची नाही, हातात काय पडतं ते बघायचं:

पहिली ऑफर ७,०५,०००, बायरच्या ब्रोकरला २.५ टक्के मागणी. वजा १७,६२५, वजा तुमच्या एजंटचे २.५ टक्के म्हणजे आणखी १७,६२५. हातात ६,६९,७५०.

दुसरी ६,९०,०००, मागणी शून्य. वजा तुमच्या एजंटचे १७,२५०. हातात ६,७२,७५०.

१५,००० नं "कमी" असलेली ऑफर ३,००० नं सरस, आणि तिला अ‍ॅप्रेझलचा धोकाही कमी. (ट्रान्सफर फी, वकील वगैरे दोन्हीकडे जवळपास सारखं म्हणून धरलं नाही.) प्रत्येक ऑफरबरोबर असं पत्रक एजंटकडून मागा. सेलर नेट शीट म्हणतात त्याला, दहा मिनिटांचं काम आहे.

एमएलएसवर क्लोजिंग खर्चासाठी सवलत जाहीर करता येते, उदाहरणार्थ "बायरला १०,००० डॉलर". अट एकच: ती बायरनं एजंट घेण्याशी किंवा एजंटला पैसे देण्याशी बांधलेली नको.

करासाठी: तुम्ही दिलेली दोन्ही कमिशनं विक्रीखर्चात धरली जातात आणि नफ्यातून वजा होतात. बायरनं स्वतः दिलेलं कमिशन त्याच्या घराच्या मूळ किमतीत मिळवतात, म्हणजे पुढे विकताना उपयोग. त्या वर्षीच्या उत्पन्नातून मात्र ते वजा होत नाही.

---

उंटावरचा

एवढी उठाठेव कशाला? बायरनं एजंटच घेऊ नये. सरळ लिस्टिंग एजंटला फोन करायचा, २.५ टक्के किमतीत कमी मागायचे. न्यू जर्सीत वकील तर बरेच जण घेतातच.

---

कलमवाचक

@उंटावरचा, जमतं, पण अर्धंच सांगितलंत.

लिस्टिंग एजंटची निष्ठा सेलरशी असते. "आम्ही ६ लाख २० हजारांपर्यंत जाऊ शकतो" हे त्याला सहज बोलून गेलात तर ते सेलरला सांगणं त्याचं कामच आहे. तुमच्या आणि सेलरच्या मध्ये तोच दोन्हीकडचा एजंट झाला तर न्यू जर्सीत ते दोघांच्या लेखी संमतीनं चालतं. फ्लोरिडा आणि कोलोरॅडोत अशी ड्युअल एजन्सी चालतच नाही, तिथे तो कुणाचीच बाजू न घेणारा ट्रान्झॅक्शन ब्रोकर होतो. राज्य बदललं की शब्दांचे अर्थ बदलतात, टेक्सासमधल्या भावानं दिलेला सल्ला इथे चिकटवू नका.

२.५ टक्के आपोआप किमतीतून सुटतील हेही गृहीत धरू नका. वर हिशेबनीस यांनी सांगितलेलं "बायरचा ब्रोकर नसल्यास" कलम सेलरनं घातलं नसेल तर ते पैसे लिस्टिंग एजंटकडे जातात आणि सेलरला सूट द्यायला काही उरत नाही. ऑफर देण्याआधी विचारा: "बायर बिनएजंटचा असेल तर तुमची फी किती?"

वकिलाचं म्हणाल तर, एजंटनं तयार केलेल्या खरेदी करारावर इथे तीन कामकाजी दिवसांचा अ‍ॅटर्नी रिव्ह्यू मिळतो. त्यात वकील करार नामंजूर करू शकतो, कलमं बदलू शकतो. पण घर बघणं, किंमत ठरवणं, इन्स्पेक्शननंतर दुरुस्तीची घासाघीस हे तो करत नाही. आणि हा रिव्ह्यू घराच्या खरेदी कराराचा. बायर एजंटबरोबरच्या कराराला तो लागू आहे असं समजून सही करू नका.

ज्यांना किंमत स्वतः काढता येते त्यांनी ठोक फी बोलावी: "ऑफर ते क्लोजिंग ५,००० डॉलर" किंवा तासावर. नव्या नियमात हे चपखल बसतं, विचारायला लोक उगाच लाजतात. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?

---

नवी_वसाहत

बिल्डरकडून नवं घर घेणाऱ्यांसाठी दोन ओळी. तिथे बायरच्या एजंटला बिल्डर स्वतःहून देतो, पण सहसा अट अशी की पहिल्याच भेटीत एजंट बरोबर हवा किंवा आधी नोंदवलेला हवा. एकटे मॉडेल होम बघून, पाहुण्यांच्या वहीत नाव लिहून आलात की बिल्डर पुढे एजंटला काही देत नाही. आणि तोवर तुम्ही ३ टक्क्यांचा एक्सक्लुझिव्ह करार केलेला असेल तर ते ३ टक्के तुमच्यावर येतात. सेल्स ऑफिसात बसलेली व्यक्ती बिल्डरची माणूस, तुमची नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

---

तारणगहाण

रिबेटचं कोणीच बोललं नाही. न्यू जर्सीत एजंट आपल्या कमिशनमधला भाग घर घेणाऱ्याला परत देऊ शकतो, २०१० पासून कायद्यानं परवानगी आहे. पण ते सुरुवातीलाच, एजंट नेमताना, लेखी ठरलं पाहिजे. घर ठरल्यावर मागून चालत नाही. अलाबामा, कॅन्सस, लुईझियाना अशा काही राज्यांत रिबेटला बंदी आहे.

रिबेट लोन देणाऱ्याला कळवलेला आणि क्लोजिंगच्या कागदात दाखवलेला हवा. "नंतर चेक देतो, बँकेला सांगू नका" म्हणणाऱ्या एजंटला तिथेच रामराम ठोका. ते लोनच्या कागदात खोटं लिहिण्यात जमा होतं, आणि सही तुमची असते. करात हा रिबेट साधारणपणे उत्पन्न धरत नाहीत, घराची किंमत तेवढी कमी झाली असं धरतात. तरी सीपीएला विचारून घ्या.

---

नवखा_बायर

सगळ्यांचे आभार. एजंटला उलट ईमेल लिहिलाय: टक्के २.५ आणि त्यातच सगळी फी, ९० दिवस, मिडलसेक्स काउंटी, प्रोटेक्शन पीरियड ३० दिवस आणि यादीतल्याच घरांना, सात दिवसांच्या सूचनेनं रद्द, ड्युअल एजन्सीला संमती नाही. या शनिवारच्या एका घरासाठी वेगळा एक दिवसाचा करार मागितलाय. काही राहिलं का?

---

हिशेबनीस

तुम्हाला हवा असेल तर रिबेट. तोही आत्ताच याच ईमेलमध्ये घाला, वर कारण आलंच आहे.

आणि ही यादी क्लोजिंगपर्यंत सांभाळून ठेवा. क्लोजिंगच्या किमान तीन कामकाजी दिवस आधी लोन देणारा क्लोजिंग डिस्क्लोजर पाठवतो. त्याच्या दुसऱ्या पानावर एच विभागात रिअल इस्टेट कमिशन असतं, कोणाच्या रकान्यातून किती ते दिसतं. तुमच्या ब्रोकरचा आकडा २.५ टक्क्यांएवढाच आहे ना आणि सेलर देणार असं ठरलं असेल तर तो सेलरच्या रकान्यात आहे ना, हे बघा. खोडलेली ४९५ ची ओळ याच पानावर "अ‍ॅडमिन फी" असं वेगळं नाव घेऊन परत उगवते कधीकधी. दिसली तर त्याच दिवशी टायटल कंपनीला (क्लोजिंग पार पाडणारी) आणि वकिलाला कराराची प्रत पाठवा. क्लोजिंगच्या टेबलावर, ट्रक दारात उभा असताना, ४९५ डॉलरसाठी कोणी भांडत नाही.